सातबाऱ्यावरचा कातळ

रत्नागिरीचा विमानतळ, परुळ्याजवळचा चिपीचा विमानतळ, माडबनला अणुऊर्जा प्रकल्पासाठी घेतलेली जमीन, तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून पेटलेला बारसूचा माथा आणि देवगडच्या हापूसच्या बागा, या सगळ्यांच्या पायाखाली एकच दगड आहे. तांबडा, भोकाभोकांचा, उन्हात अनवाणी पायाला चटके देणारा जांभा.

कोकण म्हटलं की कॅलेंडरवर माड, पुळण आणि होडी येते. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक गावांची वस्ती, पाणी, बागा आणि भांडणं ज्याच्याशी बांधलेली आहेत, तो जांभ्याचा सडा कॅलेंडरवर कधी आलेला नाही. घाटावरून आलेल्या पाहुण्याला तो ओसाड माळ वाटतो. महसुली दप्तरात त्याची नोंद बहुधा पोटखराबा किंवा पडीक अशीच असते. या एका नोंदीने कोकणाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं एखाद्या वादळानेही केलं नसेल.

जांभ्याचा जन्म पावसाच्या पोटी झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. त्यावर उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं. पाण्याबरोबर सिलिका आणि विरघळणारे क्षार निघून गेले. न विरघळणारी लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे उरली. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या लोखंडाचा गंज आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाचगणी, महाबळेश्वर, कास, आंबोली इथे जे सपाट पठार दिसतं तेही जांभ्याचंच. खाली कोकणात मात्र तो समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटरपर्यंतच्या उंचीवर पसरलेला आहे. सह्याद्रीवरून धावत सुटणाऱ्या आखूड नद्यांनी या पठाराच्या चिरफाळ्या केल्या. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली अशा एकेका नदीने आपली खोल दरी कापली आणि दोन दऱ्यांच्या मधे सडे उरले.

त्यामुळे इथल्या गावाची रचना वरून खाली वाचावी लागते. माथ्यावर सडा: गवत, करवंदीच्या जाळ्या, अधूनमधून काजू. सड्याची कड उतरली की वरकस जमीन, जिथे एके काळी नाचणी आणि वरी पिकायची. उताराच्या पायथ्याशी वाडी, तिच्या अंगाला माड-पोफळीची आगरं. त्याखाली भाताचे मळे आणि सगळ्यात शेवटी खाडी, खाजण, समुद्र. सडा एका गावाचा आणि मळा दुसऱ्याचा, असं सहसा होत नाही. वरच्या कातळावर पडलेलं पाणीच खालच्या विहिरीत येतं, हे हद्दी आखणाऱ्यांना ठाऊक असावं.

पाण्याचं गणित इथे मोठं विचित्र आहे. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आणि एप्रिल-मे आला की त्याच जिल्ह्यांत वाड्यांना टँकर लागतात. दोष पावसाचा नाही. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी झपाट्याने खाली उतरतं, तळाच्या मऊ चिकणमातीवर आणि काळ्या कातळावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरे, पऱ्हे, वहाळ होऊन बाहेर पडतं. दिवाळीपर्यंत सगळीकडे खळखळाट असतो. मार्च उजाडला की सड्याच्या पोटातला साठा संपत येतो. जांभा पाणी पितो खरा, पण फार दिवस धरून ठेवत नाही. म्हणून जुन्या गावांनी झऱ्याच्या तोंडाशीच देऊळ बांधलं, तळी बांधली, पाट काढून पोफळीला पाणी दिलं आणि वहाळांवर दरवर्षी माती-दगडाचे बांध घातले.

भूगर्भातल्या पाण्याची सर्वांत नामांकित लहर राजापूरजवळ उन्हाळे गावात पाहायला मिळते. राजापूरची गंगा दर तीन वर्षांनी अवतरते, असा परंपरेचा हिशेब. एरवी कोरडी असणारी चौदा कुंडं एकाएकी भरतात, काही दिवस-महिने वाहतात आणि पुन्हा आटतात. जमिनीखालच्या पोकळ्या काठोकाठ भरल्या की वक्रनलिकेसारखं पाणी खेचलं जात असावं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. अलीकडे गंगा हे वेळापत्रक पाळत नाही. भाविकांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं नाही.

या मुलखातल्या घरांचा रंगही जांभ्याचाच. खाणीतून नुकता काढलेला दगड इतका मऊ असतो की कुदळीने त्याचे चौकोनी चिरे तासता येतात, आणि हवा लागली की तो हळूहळू टणक होतो. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगडिपुरम भागात लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याचं शास्त्रीय पद्धतीने वर्णन केलं. कोकणातल्या गवंड्यांना ही गोष्ट त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून माहीत होती. घरं, विहिरी, गडगे, देवळांच्या दीपमाळा, रेडीच्या यशवंतगडाची तटबंदी, सगळं चिऱ्यांचं. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी १९१० साली पुरा झालेला राजवाडाही जांभा आणि सागवान यांच्याच जोरावर उभा आहे. राजाला त्यात सहा वर्षंच राहायला मिळालं.

जांभ्याची एक खोड मात्र गोव्याने दाखवून दिली. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूस चर्चचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढून टाकला गेला, तेव्हापासून ते उघडा तांबडा दगड मिरवत उभं आहे. पर्यटकांना तोच त्याचा मूळ रंग वाटतो. पण पावसाचा मारा या दगडाला सोसत नाही, म्हणून गिलावा पुन्हा करावा की नको, यावर तिथे अजून वाद चालू आहे. कोकणातला शहाणा घरमालक पावसाळ्यापूर्वी भिंतीला झावळ्यांचे झाप का लावत असे, ते यावरून समजावं.

सड्याची सर्वांत थक्क करणारी दौलत अगदी अलीकडे उजेडात आली. गुराख्यांना ती पूर्वापार ठाऊक होती. पांडवांनी एका रात्रीत खोदलेली चित्रं म्हणून ते बोट दाखवायचे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीचे लोक तर त्या जागेला बाहुल्यांचा सडाच म्हणतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी २०१२ च्या सुमारास पद्धतशीर शोध घेऊ लागले. गावोगाव विचारपूस करत, सडा पायाखाली घालत त्यांनी कातळशिल्पांची यादी वाढवत नेली, ती आज हजाराच्या कितीतरी पुढे गेली आहे.

ही शिल्पं उभ्या भिंतीवर कोरलेली नाहीत. आडव्या कातळाला फळा समजून कुणीतरी त्यावर चर खोदले आहेत, म्हणून ती उभ्याने नीट दिसतही नाहीत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कुठे मासे, कासवं, कुठे वाघ, कुठे माणसाची आकृती, कुठे नुसती भूमिती. काही ठिकाणी गेंडा दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही. म्हणजे कोरणाऱ्याने तो पाहिला तेव्हाचं कोकण वेगळं होतं. ही माणसं कोण, त्यांची हत्यारं कोणती, काळ कोणता, यावर अभ्यासकांचं काम चालू आहे. दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेणारे अंदाज आहेत, तसेच त्याहून अलीकडे आणणारेही. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीपाशी होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते, ही गंमत मात्र कुणालाही करून पाहता येते.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातली ही कातळशिल्पं दाखल झाली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमाळ अशी ती नऊ ठिकाणं. म्हणजे सातबारा ज्याला पडीक म्हणतो, तीच जागा आता ताजमहालाच्या रांगेत बसण्यासाठी अर्ज करून आहे.

पावसाळ्यात या शिल्पांच्या चरांत पाणी साठतं आणि सडा वेगळाच दिसू लागतो. कातळावर चार बोटं माती असेल तिथे गवत, तेरडा, सोनेरी कवळा, निळी सीतेची आसवं उगवतात. मातीत पोषण नाही म्हणून काही झाडांनी मांसाहार पत्करला आहे: दवबिंदू आपल्या चिकट केसांत किडे पकडतो, सीतेची आसवंही त्याच जातकुळीतली. पांढऱ्या फुलांची दिपकाडी जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही. जून-जुलैत थोडे दिवस ती याच तांबड्या कातळांवर फुलते. कासच्या फुलांना तिकीट लागतं. कोकणातल्या सड्यांवरून मात्र लोक गाडीने भर्रकन निघून जातात.

सडे कोरे राहिले आणि माणसांची वर्दळ खाड्यांत झाली, त्यालाही भूगोलच कारणीभूत. इथल्या खाड्या आत खोलवर शिरतात. गलबत भरतीच्या पाण्यावर थेट चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटणपर्यंत जायचं, तिथून बैल-तांड्यांनी माल कुंभार्ली, आंबा, अणस्कुरा, फोंडा या घाटांनी वर चढायचा. खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या १००८ सालच्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून सोन्याचा एक गद्याण घेण्याचा हक्क दान दिलेला आहे. आज ज्या गावात महामार्गावरच्या बस चहाला थांबतात, तिथे एके काळी परदेशी जहाजांचा कर मोजला जात होता. पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितीन दाभोळहूनच परतीच्या जहाजावर चढला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने तेच दाभोळ जाळून लुटलं. राजापूरला इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये उद्ध्वस्त केली. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. वाघोटण खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं घर झाला. त्याच खाडीत गलबतं ठेवायला आणि दुरुस्त करायला कातळ फोडून केलेली गोदी अजून दिसते. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन तो किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच परक्याच्या हातून जाळवलं, हे शल्य या किनाऱ्यावर अजून बोललं जातं. पुढे खाड्या गाळाने भरल्या, रेल्वे आणि रस्ते आले आणि आतली बंदरं बसली.

आंग्र्यांचं नाव समुद्राने मात्र जपलं आहे. किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखाली एक उंचवटा आहे, त्याच्यावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे. नकाशात तो आंग्रिया बँक. किनाऱ्याजवळचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, क्षेत्र अवघं २९.१२ चौरस किलोमीटर. तिथले रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. माशावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कातळावर लिहिणारे कमी.

आता आंबा. कलमांची कला पोर्तुगीजांनी गोव्यात रुजवली, हापूसचं नावही आफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं. पण देवगड आणि रत्नागिरीच्या बागायतदारांनी तो जिथे लावला, तिथे झाड जगेल असं कुठल्या परदेशी बागायतदाराला वाटलं नसतं. कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, दुसरीकडून आणलेली माती आणि शेणखत भरायचं आणि त्यात कलम लावायचं. पहिली काही वर्षं कावडीने पाणी. मुळांना एकदा कातळातल्या भेगा सापडल्या की झाड आपलं आपण पाहतं. पावसाळा संपला की जांभ्यातलं पाणी झटकन ओसरतं, झाडाला ताण बसतो, थंडी पडली की मोहोर येतो. ज्या गुणामुळे वाडीची विहीर आटते, त्याच गुणामुळे आंबा धरतो. कातळावरच्या फळाला रंग आणि गोडी वेगळीच, असं बागायतदार छातीठोकपणे सांगतात, त्यांचं ऐकावं.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि सड्यांवर आंबा-काजूची लाट आली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या वेंगुर्ला मालिकेतल्या जाती दिल्या आणि हापूसच्या गरात होणाऱ्या साका या दोषाला उतारा म्हणून नीलमशी संकर करून ‘रत्ना’ आंबा दिला. रत्नाला साका होत नाही, पण बाजाराने हापूसचाच हट्ट धरला. २०१८ मध्ये कोकण हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदाराच्या बोलण्यात मात्र मानांकनापेक्षा तुडतुडे, फुलकिडे, अवकाळी पाऊस आणि मोहोरासाठी घालायच्या कल्टारचा खर्च हेच जास्त येतं. कलमांची लाट जेसीबीवर बसून आली, हेही नोंदवायला हवं. यंत्राने सपाट केलेल्या सड्यावर आधीचं गवत, फुलं आणि पाणी मुरवणाऱ्या भेगा शिल्लक राहत नाहीत. कधी एखादं कातळशिल्पही त्याच फावड्याखाली जातं.

खनिजांची बाजू तुलनेने आटोपशीर. जांभ्यात ॲल्युमिनियम जास्त असलं की तो बॉक्साइट, आणि तो रत्नागिरीच्या उत्तर भागात दापोली-मंडणगडकडे खणला गेला. दक्षिण टोकाला रेडीला लोहखनिज निघालं, त्यासाठी बंदर चालतं झालं. तिथल्या खाणीतच १९७६ मध्ये गणपतीची मोठी मूर्ती सापडली आणि रेडीला खाणीइतकंच देवामुळेही नाव मिळालं. रत्नागिरी शहरात रत्नदुर्गाच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र अशी नावं ऐकून पाहुणा गोंधळतो. काळी पुळण ही इल्मेनाइटसारख्या जड खनिजांच्या कणांची, पांढरी प्रामुख्याने शिंपल्यांच्या चुऱ्याची. चिरेखाणी मात्र सगळीकडे आहेत. पूर्वी कुदळीने होणारं काम आता विजेच्या करवती करतात आणि दिवसाकाठी निघणाऱ्या चिऱ्यांची संख्या हाताच्या कामाशी तोलताच येणार नाही. संपलेल्या खाणी उघड्या टाकून दिल्या जातात. पावसात त्या भरतात; कुठे त्यात गुरं पडतात, कुठे त्यांचाच शेततळ्यासारखा उपयोग करून कलमांना पाणी दिलं जातं.

इतकं सारं असलेल्या जमिनीवर माणूस मात्र टिकला नाही. गिरणगाव उभं राहिलं तेव्हापासून कोकणी घराचा एक पाय मुंबईत आहे, आणि गावाचा संसार मनीऑर्डरवर चालला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली निघाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रीजन्माच्या स्वागताचा नाही, पुरुष गावात नसल्याचा आहे. शेती कसायला हात उरले नाहीत तशी वरकस ओस पडली आणि वारसांची नावं वाढत जाऊन एकेका सामायिक सातबाऱ्यावर दहा-वीस जणांची रांग लागली. त्यातले निम्मे ठाणे-विरारला राहणारे. ज्याला आपला हिस्सा कुठे आहे हेच ठाऊक नाही, तो दलालाने सांगितलेल्या भावाला सही करतो.

मोठे प्रकल्प सड्यावर का येतात, याचं उत्तर इथे आहे. जमीन सपाट, वस्ती विरळ, समुद्र जवळ, नोंद पडीक. माडबन-जैतापूर परिसरात १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांसाठी जमीन संपादित झाली. त्याविरुद्धच्या आंदोलनात २०११ साली साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मेला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि नंतर तोच प्रकल्प बारसूच्या दिशेने सरकला. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाचं काम सुरू होताच गावकरी, त्यात मोठ्या संख्येने बायका, भर उन्हात सड्यावर आडवे पडले. रोजगार हवा म्हणणारे लोकही त्याच परिसरात आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मुंबईला जाणारी गाडी त्यांच्याच घरातून भरून जाते. पण एका बाजूला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतलं बारसू आणि दुसऱ्या बाजूला पडीक जमीन म्हणून निवडलेलं बारसू, हे एकाच सरकारच्या दोन खात्यांचे कागद आहेत.

या दोन कागदांमधला तिढा गावपातळीवर थोडाफार सुटू लागला आहे. बहुतेक कातळशिल्पं खासगी मालकीच्या जमिनीत आहेत, त्यामुळे मालकाच्या संमतीवाचून काही होत नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीत गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती बांधकाम केलं आणि वरून पाहता येईल अशी गोलाकार गॅलरी उभारली. इतर काही गावांत शिल्पाभोवती चिऱ्यांचे गडगे घातले गेले आहेत. गुरं आत जात नाहीत, पाटी लावलेली असते, पाहुण्याला वाट दाखवायला कुणीतरी वाडीतून वर येतं.